हद्दीचे ठोकळे

माझी बायको शालन गेल्याचं मला कळलं त्या दिवशी मनस्वी मॅडम आमच्या कारखान्यावर ठोकळे बघायला आल्या होत्या.

कारखाना म्हणायचा म्हणून म्हणायचा. शहापूरजवळ शेणव्याच्या रस्त्याला आमची थोडी जागा आहे. तिथे मी विहिरीच्या सिमेंटच्या रिंगा, कुंपणाचे खांब आणि गुरांना पाणी पाजायच्या टाक्या बनवतो. पण अर्ध्या जागेत वेगळंच काम पडून होतं. कमरेइतक्या उंचीचे चौकोनी सिमेंटचे ठोकळे, प्रत्येकाच्या माथ्यावर जाड सळईची कडी. रिंगा घ्यायला येणारी माणसं विचारायची, "सोमादादा, हत्ती बांधायचाय का?"

"हत्ती नाय, समुद्र बांधायचाय," शालन सांगायची. मी काही बोलायच्या आधीच सांगायची.

मॅडम समुद्राच्या खात्यात आहेत. वयाने माझ्या सुनेएवढ्या. त्यांनी ठोकळ्यांचे फोटो काढले आणि विचारलं, "काकू कुठे गेल्या?"

"म्हशाच्या जत्रेला. सरळगावला भावाकडं गेलीय, तिथून सगळी मिळून जाणार होती."

"मला घोंगडी आणते म्हणाल्या होत्या."

"आणंल मग. विसरायची नाय ती."

एवढं बोलणं झालं आणि माझा फोन वाजला. शालनच्या भावाचा मुलगा भाविक होता. म्हणाला, "मामा, आत्याला मुरबाडला दवाखान्यात आणलंय. तुमी निघा."

"काय झालं?"

"छातीत कळ आली. दुकानाशी उभी होती. तुमी निघा ना."

"बोलती का?"

"तुमी या आधी." मागे बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता. मी परत विचारलं नाही. फोन हातातच राहिला.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि ड्रायव्हरला हाक मारली. सरकारी गाडीत बसून मी मुरबाडला गेलो.  रस्त्यात त्या एकदाच म्हणाल्या, "काका, पाणी घ्या," आणि मी घेतलं.

शालनच्या पिशवीत एक नवा विळा, खोबऱ्याच्या वाट्या आणि नातीसाठी प्लास्टिकची बाहुली होती. घोंगडी घ्यायची राहिली होती.

आता ते ठोकळे आमच्याकडे कसे आले, ते सांगतो.

कोकणच्या किनाऱ्याला एक बेट आहे. त्याच्या भोवतीच्या खडकात मासळी अंडी घालते. तेवढा समुद्र राखीव करायचा, तिथे मोठ्या बोटींनी तळ खरवडायचा नाही, कोणी जाळं टाकायचं नाही, असं सरकारने ठरवलं. ठरवून बरीच वर्षं झाली होती. पहिली सूचना निघाली, मग नकाशा झाला, मग नकाशा चुकला म्हणून दुसरा झाला, मग साहेब बदलले. मॅडम या कामाला लागल्या तेव्हा फाईल पुन्हा पहिल्या पानावर आली होती, असं त्या हसत सांगायच्या.

सगळ्यात जास्त वेळ तिथल्या मच्छीमारांनी लावला, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. सुनावणीत ते म्हणाले, कागदावरची रेघ आम्हाला पाण्यात कशी दिसणार? आम्ही पोटासाठी चार हात आत गेलो की तुम्ही होडी पकडणार. आधी दिसेल असं काहीतरी लावा, मग आम्ही सही करू. त्या बोलीवर मॅडमनी त्यांच्याकडून होकार आणला. हद्दीवर पिवळे बोये तरंगत ठेवायचे ठरलं. बोया जागेवर राहायचा तर खाली समुद्राच्या तळाला वजन पाहिजे. ते वजन म्हणजे आमचे ठोकळे.

काम कल्याणच्या एका ठेकेदाराने घेतलं. त्याचा माणूस दिपेश आमच्याकडे आला, कारण खडी आणि क्रशची, दगड दळून केलेली रेती आमच्या इथून जवळ आणि साचे बनवायची मला सवय. दिपेश म्हणाला, "रिंग गोल, हा चौकोनी. एवढाच फरक समजा, सोमाशेठ."

मला समुद्राचं काही वाटलं नव्हतं. काम आलं, केलं. पण शालनला त्याची ओढ लागली. ती शेतातली. माहेरी मुरबाडकडे भाताची शेती, इथेही आमचं थोडं भात आहे. मॅडम पहिल्यांदा आल्या तेव्हा तिने त्यांना रिंगेवर बसवलं, चहा दिला आणि एकेक गोष्ट विचारून घेतली. खडकात काय असतं, मासे अंडी कधी घालतात, मग मोठे झाले की कुठे जातात.

"म्हणजे तेवढ्या जागी राखलं की बाकीच्या समुद्रातपण मासा वाढंल?"

"तेच तर काकू. हद्दीबाहेर जाळं टाकणाऱ्यालाच जास्त मिळेल."

"मग भांडतात कशाला? आमच्याकडं पहिल्या पावसात वलगणीला मासा अंडी घेऊन नदीतून वर चढतो, तवाच सगळा गाव टोपल्या घेऊन धावतो. मग पावसाभर बोंबलत बसायचं, नदीत मासा नाय." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "हे पण धावतात."

"तूच टोपली देतेस," मी म्हणालो.

मॅडम फार हसल्या होत्या.

शालनने समुद्र चैत्यभूमीलाच पाहिला होता. सहा डिसेंबरला आम्ही दादरला जायचो तेव्हा दर्शन झालं की ती पाण्याजवळ जाऊन उभी राहायची. एकदा ओंजळ घेऊन चाखली आणि थुंकली. मला म्हणाली, "यात सिमेंट टिकंल का वो?" हे ठोकळ्यांचं काम यायच्या किती आधी. नवऱ्याचा धंदा तिच्या डोक्यात सारखा असायचा.

ठोकळे आम्ही उन्हाळ्यात ओतले. माल कालवायला आणि साचे भरायला मी आणि दोन गडी. पण ओतल्यावर सिमेंटला पाणी मारायचं असतं. गोणपाट टाकायचं, ते ओलं ठेवायचं, सकाळ-दुपार-संध्याकाळ. ते काम शालनचं आणि आमची सून श्वेताचं. मी तेव्हा डोळखांबकडे विहिरीत रिंगा उतरवायला जात होतो. रिंग उतरवताना मालकाला स्वतः उभं राहावं लागतं, गड्यावर सोडता येत नाही. संध्याकाळी आलो की ठोकळे ओले दिसायचे. चांगलं काम करतात बायका, असं म्हणून मी जेवायला बसायचो.

मग ठोकळे तयार झाले आणि सरकारचं काम थांबलं. शेवटची अधिसूचना निघाली नव्हती. अख्खा पावसाळा ठोकळे तिथेच भिजले. शालन दर थोड्या दिवसांनी मॅडमना फोन करायची. "झालं का आपल्या समुद्राचं?" मॅडम म्हणायच्या, वरती गेलंय काकू. ती मला सांगायची, "वरती गेलंय." वरती म्हणजे कुठे ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

ती गेली, जलदान विधी झाला, पाहुणे गेले. मी कारखान्यावर जाऊन बसायचो, पण कामाला हात लागत नव्हता. साचे तेलाशिवाय गंजले. गिऱ्हाईक यायचं, मी म्हणायचो, पुढच्या महिन्यात या. माझा मुलगा प्रशांत कसाऱ्याला रेल्वेत घाटातल्या रुळांच्या कामावर आहे, तो ड्युटीवरून येऊन मला घरी न्यायचा. श्वेता जेवायला वाढायची. शालनची ताट ठेवायची जागा मी रिकामी सोडून बसायचो. 

होळीच्या सुमाराला मॅडमचा फोन आला. "काका, फाईल शेवटच्या टेबलावर आहे. बोये लागल्याचा अहवाल दिला की अधिसूचना निघणार. पावसाच्या आधी समुद्रातलं काम उरकायला हवं. ठोकळे उचलायला दिपेशला पाठवते." मग म्हणाल्या, "काकूंना सांगायला हवं होतं हे."

"हो," मी म्हणालो. त्या दिवशी मी साच्यांना तेल लावलं.

एप्रिल संपत आला तेव्हा दिपेश हायड्रा क्रेन घेऊन आला. ट्रक मागून यायचा होता, म्हणून आधी ठोकळे रस्त्याच्या कडेला काढून ठेवू म्हणाला. पहिल्या ठोकळ्याच्या कडीत साखळी अडकवली. हायड्राने उचलला. ठोकळा जमिनीपासून वीतभर वर आला आणि कट्ट असा आवाज झाला. कडीच्या बुडाशी सिमेंटला चीर गेली. तिथेच लाल पाणी ओघळल्यासारखा डाग होता, जुना. ठोकळा पडला नाही, पण हायड्रावाल्याने आपणहून खाली ठेवला.

"एखादा असतो असा," दिपेश म्हणाला. "दुसरा घे."

दुसऱ्याला आवाज झाला नाही, पण कडीच्या बुडाशी तोच लाल डाग होता. तिसऱ्यालाही. मी खाली बसून बघितलं. ठोकळ्याच्या अंगावर पांढरी बुरशी आल्यासारखा थर होता. मला वाटलं होतं चुन्याचा असेल, सिमेंटला कधीकधी येतो. मी बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

खारट होतं.

पक्क्या झालेल्या सिमेंटात खारं पाणी लवकर शिरत नाही, पण ओल्या सिमेंटात मीठ गेलं की आतली सळई गंजते. गंज फुगतो आणि सिमेंट फोडतो. म्हणून तर आम्ही खाडीची रेती घेत नाही, फुकट दिली तरी घेत नाही. माझ्या मालात मीठ आलं कुठून, ते मला कळेना. क्रशवाल्याला फोन लावून शिव्या द्यायला सुरुवात केली, तेवढ्यात श्वेता चहा घेऊन आली. ती उभी राहून ऐकत होती. मग म्हणाली, "बाबा, त्यांना नका बोलू. मीठ आईंनी टाकलेलं."

"कुठं टाकलेलं?"

"पाण्यात. मारायच्या पाण्यात. दोन टाक्या केलेल्या ना? रिंगांना गोडं, ठोकळ्यांना खारं. मुरबाडच्या बाजारातून खडे मिठाच्या गोणी आणलेल्या."

"कशाला?"

श्वेताने चहा खाली ठेवला. तिला वाटत होतं मला ठाऊक आहे. "समुद्रात जायचंय ना त्यांना, म्हणून. आत्तापासून सवय पाहिजे म्हणाल्या. भाताचं बी नाय का आपण मिठाच्या पाण्यातून काढत."

आमच्याकडे पेरणीच्या आधी बियाणं मिठाच्या पाण्यात टाकतात. पोचट दाणा वर तरंगतो, तो काढून टाकायचा. तळाला बसतो तो पेरायचा. शालन म्हणायची, मिठाच्या पाण्यातून गेलेलं बी कणखर असतं, त्याला रोग लागत नाही. बियाण्याचं जे खरं, ते सिमेंटचंही खरं असणार, असं तिला वाटलं. उन्हात डोक्यावरून हंडे वाहून तिने प्रत्येक ठोकळ्याला ते पाणी पाजलं होतं.

दिपेशने सगळं ऐकलं होतं. तो आधी हसला, मग माझं तोंड बघून त्याने हसू आवरलं. हायड्रावाल्याला म्हणाला, "तू चा पी." मला बाजूला घेतलं.

"सोमाशेठ, टेन्शन घेऊ नका. कडीच्या बुडाशी केमिकल भरायचं, वर काळा रंग मारायचा. उचलायचं काम माझं, मी पट्टा टाकून उचलतो. एकदा पाण्याखाली गेला की कोण बघतंय? मासा तक्रार करणार?"

"आणि कडी तुटली म्हंजे?"

"तुटंल तवा तुटंल. दोन वर्षं जातात आरामात. तोवर बिल निघालं, तुमी सुटलात, मी सुटलो. नायतर हे सगळं फोडा, परत ओता. पाऊस लागंल तोवर. मॅडमचं कामपण बसलं. तुमालाच वाईट वाटंल."

त्याचं शेवटचं बोलणं खरं होतं. मी त्याला म्हणालो, ट्रक आज नको. तो कपाळाला हात लावून गेला.

संध्याकाळी प्रशांत आला. श्वेताने त्याला सांगितलं होतं. तो ठोकळ्यांमधून एक चक्कर मारून आला आणि माझ्याजवळ बसला.

"दिपेश म्हणतो तसं करा, बाबा."

"बोया सुटला तर?"

"सुटू दे. बाबा, हे बाहेर आलं ना, तर सगळी काय बोलतील? सोमाच्या बायकोनं सिमेंटला मीठ लावलं, जसं काय बोंबील वाळवायचेत. सगळ्या तालुक्यात चघळतील. ती हाय का आता उत्तर द्यायला?"

"नाय."

"मग? गेलेल्या माणसाचं कशाला हसं करायचं?"

मला त्याचं पटलं. खरं सांगतो, पटलं. शालनला कोणी हसलेलं मला जिवंतपणीसुद्धा चालत नसे. मीच हसायचो, तो माझा हक्क होता. बहुतेक म्हणूनच तिने मिठाचं मला सांगितलं नाही.

मला तिचा रागही आला होता. असा राग की ती समोर असती तर मोठ्याने बोललो असतो आणि तिने दुप्पट ऐकवलं असतं. तो राग कुठे ठेवायचा ते मला समजत नव्हतं. मी दोन दिवस कोणाशी धड बोललो नाही. भाविक आला होता, त्याच्यावरही ओरडलो.

पण ठोकळे डोळ्यासमोरून हलत नव्हते. आमच्याकडे शेताचा बांध वीतभर सरकला तर सख्खे भाऊ कोर्टात जातात. मी पाहिलंय, एकमेकांच्या मयताला न जाणारे भाऊ पाहिलेत. आणि इथे समुद्रातला बांध. कडी तुटली की बोया वाहून दुसरीकडे जाणार. गरीब होडीवाला बोया बघून जाळं टाकणार आणि सरकार त्याला पकडणार. तो म्हणणार, मी हद्दीबाहेर होतो. मग कोण कोणावर विश्वास ठेवील? वर्षानुवर्षं बसून त्या पोरीने माणसं राजी केली होती. आणि शालन तिला फोन करून विचारायची, झालं का आपल्या समुद्राचं. आपल्या, असं म्हणायची.

मी मॅडमना फोन केला आणि म्हणालो, ट्रक पाठवायच्या आधी एकदा येऊन जा.

त्या आल्या. मी त्यांना चीर गेलेला ठोकळा दाखवला. "मॅडम, हे न्यायचे नाय. याला खारं पाणी मारलंय."

"कोणी?"

"आमच्याच हातून झालं."

श्वेता मागे उभी होती. ती म्हणाली, "आईंनी मारलं, मॅडम. मीपण मारलं. बाबांना ठाऊक नव्हतं. समुद्राची सवय लागायला मारत होतो."

मॅडमनी चिरेवरून बोट फिरवलं. मग रिंगेवर बसल्या.

"काका, हे मी बोलले होते."

"काय?"

"काकूंनी मला विचारलं होतं, समुद्राचं पाणी यांना बाधेल का म्हणून. मी म्हटलं, बाधेल, पण होईल हळूहळू सवय. सगळ्यांनाच होते. मी गमतीत बोलले हो. मला काय माहीत, त्या तेवढ्यावर..."

त्यांनी डोळे पुसले. श्वेताने त्यांच्या हातात चहा दिला.  मग मी म्हणालो, "तुमी नसतं सांगितलं तरी तिनं मारलंच असतं." ते खरं होतं की नाही माहीत नाही, पण म्हणालो.

चहा पिऊन झाल्यावर त्यांनी तोंड धुतलं आणि कामाचं बोलल्या. नवे ठोकळे ओतून, पाणी मारून, वाळून होईपर्यंत पाऊस लागणार. पावसात समुद्रात काम होत नाही. म्हणजे दिवाळीनंतर. म्हणजे अहवाल नाही, अधिसूचना नाही, आणखी एक हंगाम मोठ्या बोटी खडकापर्यंत येणार. "वरती मी सांभाळते. आधीच इतकी वर्षं गेलीत, वरती कोणी रडणार नाही. पण गावाला मी पावसाच्या आधी बोये लावते म्हणून शब्द दिलाय. आता ते म्हणणार, सरकारने पुन्हा फसवलं." मग मला म्हणाल्या, "तुम्ही याल का? मी सांगितलं तर त्यांना बहाणा वाटेल."

प्रशांतला हे आवडलं नाही. "तिकडं जाऊन सांगणार? सगळ्यांसमोर?" मी म्हणालो, "हो." तो म्हणाला, "मग मी नाय येणार." आणि जायच्या दिवशी सकाळी रजा टाकून गाडीत येऊन बसला.

बैठक मच्छीमारांच्या गावात, समाजमंदिरात होती. बाहेर जाळी वाळत होती. माणसं बरीच होती, बायकाही होत्या, मासळी विकून आलेल्या, टोपल्या बाहेर ठेवून. मॅडमनी दिवाळीचं नाव घेतलं मात्र, आणि एक जण उठून म्हणाला, "मॅडम, कोणती दिवाळी ते पण सांगा." सगळे हसले. दुसरा म्हणाला, "ठोकळे घाटावरून येतायत का चालत?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी उभा राहिलो. मला भाषण येत नाही. मी म्हणालो, "मी सोमा. शहापुरातून आलोय. ठोकळे मी बनवतो. ते खराब झाले. सरकारमुळं नाय, आमच्यामुळं. माझ्या बायकोनं त्यांना मिठाचं पाणी मारलं. समुद्रात जायचेत म्हणून सवय लावत होती. त्यानं सळई गंजली. असे टाकले असते तर बोया वाहून गेला असता आणि तुमी अडकला असता. म्हणून नाय आणले. परत ओततो."

कोणीतरी मागे फिसकन हसलं. मग आणखी काही जण. प्रशांत खाली बघत होता, त्याचे कान लाल झाले होते. पुढे बसलेली एक म्हातारी कोळीण हसत नव्हती. तिने विचारलं, "मीठ कुठनं आनलंन तिनं?"

"मुरबाडच्या बाजारातून."

"म्हंजे इकडचंच. आमच्या मिठाच्या आगरांतलं तुमच्या बाजारात जातं." ती शेजारणीला म्हणाली, "बघ गो, पैसे देऊन घेतलंन आन परत आपल्यालाच धाडीत व्हती."

यावर सगळ्या बायका हसल्या आणि मलाही हसू आलं. शालन गेल्यापासून पहिल्यांदा. म्हातारीने विचारलं, "ती नाय आली? घेऊन यायची ना तिला. बघू तरी."

"ती जानेवारीत वारली," मी म्हणालो.

 मागे हसणारे पोरगे बाहेर निघून गेले. म्हातारीने पदर तोंडाला लावला. "अरे देवा," एवढंच म्हणाली. मग कोणीतरी प्रशांतला बसायला खुर्ची दिली.

त्यामुळे सगळं गोड झालं असं नाही. कोणती दिवाळी म्हणणारा माणूस म्हणाला, तुमचं दुःख आम्हाला कळतं दादा, पण आमचंही पोट आहे. बोलाचाली बरीच झाली. दोन-चार जण उठून गेले, त्यांनी आपला होकार परत घेतला. बाकीच्यांनी सांगितलं, दिवाळीपर्यंत थांबतो, त्यापुढे नाही. मॅडमनी ते मान्य केलं.

परत निघायच्या आधी प्रशांत एकटाच पाण्यापर्यंत जाऊन आला. गाडीत बसल्यावर म्हणाला, "बाबा, म्हातारी आईसारखीच तोंडाळ हाय."

"लय," मी म्हणालो.

जुने ठोकळे आम्ही फोडले. पहिला घण मी मारला, बाकीचे ब्रेकरवाल्याने फोडले. फोडल्यावर सळई हातात घेतली तर तिचे पापुद्रे निघत होते. मी दिपेशला बोलावून दाखवली. तो म्हणाला, "बरोबर केलंत," आणि सळई परत ढिगात टाकली. ती खडी शेतावरच्या वाटेला भर म्हणून गेली.

आता नव्याने ओततोय. पाऊस आहे म्हणून वर पत्रे टाकलेत. पाणी श्वेता मारते आणि मी रोज बघतो. ती कधीकधी गमतीने विचारते, "बाबा, चाखून बघता का?" आणि मी चाखतो.

निम्मे ठोकळे झाले आहेत, निम्मे व्हायचे आहेत. होकार परत घेतलेल्या माणसांशी मॅडमचं बोलणं अजून चालू आहे. बोया एकही लागलेला नाही. शेवटची अधिसूचना निघालेली नाही.